ओझे वर, हिशेब खाली

आमेरच्या महालामागे ‘चील का टीला’ नावाचा डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर जयगड, आणि गडावर एका छपराखाली जयबाण तोफ. चाकांवरची जगातली सर्वांत मोठी तोफ म्हणून जयपूरचे लोक ती अभिमानाने दाखवतात. सवाई जयसिंहाच्या कारकिर्दीत, १७२० मध्ये, ती याच गडावरच्या कारखान्यात ओतली गेली. नळी २० फुटांहून लांब, तोंडाचा व्यास ११ इंच, वजन ५० टन. नळीवर झाडाची, हत्तीची, बदकांच्या जोडीची नक्षी आहे. चाचणीसाठी १०० किलो दारू ठासून ती एकदाच उडवली आणि गोळा थेट चाकसू गावापाशी पडून तिथे तळे झाले, ही दंतकथा गाईड रंगवून सांगतात. ऐकणाऱ्यांच्या माना नळीच्या दिशेने वळतात. खाली वाकून चाकांकडे सहसा कोणी बघत नाही.

बघायला हवे. तोफ ज्या गाड्यावर बसली आहे त्याची चाके साडेचार फूट व्यासाची आहेत. पण ती करणाऱ्यांनी तेवढ्यावर भागवले नाही. तोफ हलवायची वेळ आली तर जोडण्यासाठी आणखी दोन चाके केली, आणि ती जवळजवळ नऊ फूट व्यासाची. नळी वरखाली करायला मळसूत्राची सोय आहे. नळी उचलता यावी म्हणून तिला जाड कड्या आहेत, आणि उचलणारी यारीसुद्धा होती. तिचे अवशेष अजून गडावर आहेत. एवढी तयारी पाहिली की एक गोष्ट स्पष्ट होते. तोफ ओतणाऱ्यांना नळीइतकीच काळजी नळीखालच्या लाकूड-लोखंडाची होती.

मोठ्या चाकाचा फायदा साधा आहे. वाटेतला धोंडा लहान चाकाला अडवतो, मोठे चाक त्यावरून चढून जाते. मऊ मातीत मोठ्या चाकाचा जास्त भाग जमिनीला टेकतो, त्यामुळे ते कमी रुतते. तरीही चाक म्हटले की टेकण्याची जागा थोडीच. ढोबळ हिशेब मांडून पाहता येतो. ५० टन वजन चार चाकांवर सारखे वाटले आणि प्रत्येक चाकाचा ५०० चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला लागला असे धरले, तर दर चौरस सेंटिमीटरवर २५ किलोचा भार येतो. आज रस्त्याकडेला दिसणारे २० टनांचे पोकलेन आपल्या दोन चेनवर उभे असते तेव्हा हाच भार जेमतेम अर्धा किलो असतो. वजन निम्म्याहून कमी, पण जमिनीवरचा दाब पन्नासाव्या हिश्शावर! मधल्या जवळजवळ तीनशे वर्षांत जड वस्तू हलवण्याच्या विद्येने जी मजल मारली, ती सगळी या दोन आकड्यांच्या दरम्यान आहे.

जयगडाच्या कारखान्यात अडाणीपणा नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवे. डोंगरावरचा वारा भुयारी वाटेने भट्टीत ओढून घेण्याची तिथे रचना होती. नळी एकसंध ओतायची आणि मग आतून कोरून काढायची. कोरण्याचे यंत्र दातेरी चाकांवर चाले आणि ते फिरवायला बैलांच्या चार जोड्या जुंपत. ते यंत्रही गडावर पाहायला मिळते. भाराखाली फिरणाऱ्या दांड्याचे काय होते, दाते कुठे झिजतात, वंगण कुठे लागते, हे तिथल्या माणसांना रोजच्या रोज दिसत असणार.

आणि जयसिंहाला तर ते फारच चांगले ठाऊक होते. त्याचा पुरावा तोफखान्यात नाही, वेधशाळेत आहे.

जयसिंहाने ‘झीज-इ-मुहम्मदशाही’ हे ग्रहगणिताचे कोष्टक तयार करवले. त्याच्या प्रस्तावनेत पितळी वेधयंत्रांबद्दलची तक्रार नोंदली आहे. यंत्रे आकाराने लहान, त्यामुळे कलांपर्यंत, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागापर्यंत, विभागणी करता येत नाही. शिवाय त्यांचे आस हलतात आणि झिजतात, वर्तुळांचे मध्य सरकतात, प्रतले जागेवरून ढळतात. मग वेध खरा कसा यावा? जयसिंहाने उपाय काढला तो टोकाचा. त्याने फिरणारे भागच काढून टाकले आणि दगड-चुन्याची प्रचंड यंत्रे बांधली. जयपूरच्या जंतरमंतरमधले सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे आणि त्यात झिजायला आसच नाही. हलते ती फक्त सावली. ज्या राजाने ५० टनांची तोफ चाकांवर चढवली, त्यानेच आसाच्या झिजेला कंटाळून आकाशाचे वेध अचल दगडावर नेले. जयपूरच्या इतिहासातला हा धागा कुतूहलाचा आहे आणि त्याकडे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही.

तोफेच्या बाबतीत मात्र हलणे टाळता येत नाही. जयबाण लढाईत कधीच गेली नाही. १७२७ मध्ये राजधानीच खाली मैदानात, नव्या जयपुरात आली. तोफ डोंगरावर राहिली. तिला खाली उतरवून वाळूतून ओढत न्यायचे म्हटले असते तर नऊ फुटी चाकांनीही हात टेकले असते, असे मानायला भरपूर आधार आहे; कारण तशी उदाहरणे दख्खनेत आणि राजस्थानात दोन्हीकडे सापडतात.

दख्खनेतले उदाहरण मलिक-ए-मैदानचे. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली ही तोफ सुमारे ५५ टनांची. १६३२ मध्ये आदिलशाहीतल्या मुरार जगदेवाने ती परांड्याहून विजापूरला नेली. त्यासाठी १० हत्ती, ४०० बैल आणि शेकडो माणसे लागल्याचे सांगतात. तिची जोडीदार ‘कडक बिजली’ वाटेत नदीत बुडाली, अशी आख्यायिका आहे. बुडाली असो वा नसो, नदीचे पात्र हे जड गाड्याचे खरे मरण आहे हे त्या काळच्या प्रत्येक तोफखान्याला माहीत होते. कडक वाटेवर बैल वाढवले की काम भागते. रेतीत बैल वाढवून उपयोग होत नाही. बैलांचेच पाय रुततात.

राजस्थानातले उदाहरण थेट मराठ्यांचे आहे. जुलै १७८७ मध्ये जयपूरजवळ तुंगा इथे जयपूर-जोधपूरच्या एकत्र फौजांनी महादजी शिंद्यांना रोखले आणि महादजींना माघार घ्यावी लागली. त्यानंतर महादजींनी युरोपीय सेनानी द बॉइनच्या हाताखाली कवायती कंपू वाढवला. आग्र्याला सँगस्टर नावाचा स्कॉटिश कारागीर तोफा ओतू लागला. २० जून १७९० ला पाटणच्या लढाईत या कंपूने विजय मिळवला आणि फौज मारवाडकडे वळली. मराठ्यांचे घोडदळ पुढे निघाले, मेडत्याच्या जवळ पोचले. द बॉइन आणि त्याचा तोफखाना मात्र मागे राहिला. आलनियावासजवळ लूणी नदीच्या रेतीत तोफा रुतून बसल्या होत्या. राजस्थानचा इतिहास लिहिणाऱ्या कर्नल टॉडने ही हकीकत नोंदवून ठेवली आहे.

त्या वेळी जोधपूरच्या राठोडांनी हल्ला चढवला असता तर? मराठी घोडदळ तोफांवाचून उघडे होते. राठोड सरदार लढाईला उत्सुकही होते. पण त्यांच्या बाजूचा मोगल सरदार इस्माईल बेग येऊन मिळेपर्यंत थांबा, असा निरोप त्यांना आला आणि ते थांबले. तेवढ्यात तोफा रेतीतून निघाल्या, मेडत्याला पोचल्या आणि १० सप्टेंबर १७९० च्या पहाटे त्यांचा मारा सुरू झाला. राठोडांच्या घोडदळाने पराक्रमाची शर्थ केली, तरी दिवस महादजींच्या फौजेचा ठरला. मेडत्याच्या लढाईचे वर्णन करताना लेखक राठोडांच्या शौर्याबद्दल आणि कंपूच्या शिस्तीबद्दल पानेच्या पाने लिहितात. रेतीत अडकलेल्या चाकांना एखाद-दुसरे वाक्य मिळते. खरे तर त्या एका वाक्यात लढाई जाता जाता वाचली होती.

तोफगाडा असो की शेतकऱ्याची बैलगाडी, चाकाचे शास्त्र एकच. मध्ये लाकडी तुंबा, तुंब्यात बसवलेले आरे, आऱ्यांवर पुठ्ठे, आणि पुठ्ठ्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव. सुतार चाक जोडतो, लोहार धाव तापवून चढवतो आणि वर पाणी ओततो. धाव आकसली की सगळे सांधे घट्ट बसतात. गाडी चालली की झीज दोन ठिकाणी होते. एक बाहेर, धावेवर. दुसरी आत, आस जिथे तुंब्यात फिरतो तिथे. बाहेरची झीज दिसते. आतली ऐकू येते. गाडी कुरकुरू लागली की ती थांबवून नळकांड्यातले वंगण घातले जाई. वंगणात रेती गेली तर मात्र वंगणच कानशीचे काम करू लागे, म्हणून आधी जुने वंगण पुसायचे आणि मग नवे घालायचे, ही शिस्त गाडीवाल्याच्या घरात पोराला लहानपणीच लागे. आजच्या चेनवाल्या यंत्रावरची निम्मी विद्या या शिस्तीतच आहे.

चाकाखाली फळ्या टाकत गाडी पुढे काढण्याची युक्ती तशी सगळीकडेच होती. त्या फळ्या चाकानेच स्वतः टाकाव्यात आणि स्वतःच उचलाव्यात, ही कल्पना इंग्लंडात रिचर्ड एजवर्थने १७७० मध्येच मांडली होती. १८४६ मध्ये जेम्स बॉयडेलने चाकाच्या परिघावर सपाट पाट्या बसवून पाहिल्या. अमेरिकेतल्या मेन राज्यात अल्विन लोम्बार्डने १९०१ मध्ये बर्फावरून ओंडके ओढणाऱ्या वाफेच्या इंजिनाला अखंड पट्टे बसवले. पण खरे वळण आले ते कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टनजवळ. तिथली त्रिभुज प्रदेशातली जमीन इतकी भुसभुशीत की वाफेचे ट्रॅक्टर तिच्यात बुडत. उपाय म्हणून चाके रुंद करत गेले, इतकी की यंत्र अवाढव्य झाले आणि वळवणे मुश्कील. २४ नोव्हेंबर १९०४ ला बेंजामिन होल्टने आपल्या ट्रॅक्टरची मागची चाके काढून तिथे लाकडी पट्ट्यांच्या, सुमारे नऊ फूट लांबीच्या साखळ्या बसवल्या आणि यंत्र रॉबर्ट्स बेटावरच्या त्या चिखलावर चालवून दाखवले. जयबाणचे जादा चाकही जवळजवळ नऊ फुटांचे. पण चाकाच्या नऊ फुटांतला वीतभर भाग जमिनीला लागतो, होल्टच्या साखळीचे बहुतेक सगळे नऊ फूट.

पुढचा इतिहास भरभर घडला. १५ सप्टेंबर १९१६ ला सोमच्या रणांगणावर पहिले रणगाडे उतरले. १९२५ मध्ये होल्ट आणि प्रतिस्पर्धी बेस्ट यांच्या कंपन्या एक होऊन कॅटरपिलर ट्रॅक्टर कंपनी उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्कराने मागे ठेवलेले क्रॉलर ट्रॅक्टर भारत सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशनच्या हाती दिले. मध्य भारतातल्या काळ्या जमिनीत कांस गवताने मुळे खोल रोवली होती. बैलाच्या नांगराला ती दाद देत नव्हती. ती जमीन मोडण्यासाठी १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला १ कोटी डॉलरचे कर्ज दिले, आणि त्यातून आणखी ट्रॅक्टर आले. ज्या माळव्यातून महादजींचे तोफगाडे बैल ओढत उत्तरेकडे नेत, तिथल्या मातीवर आता पोलादी चेन चालू लागली. १९६४ मध्ये सरकारने बेंगळुरूला बीईएमएलची स्थापना केली आणि ही यंत्रे देशात बनवण्याचा रस्ता मोकळा झाला.

जयपूरही मागे नव्हते. १९४६ मध्ये बिर्लांनी तिथे नॅशनल बेअरिंग कंपनी काढली, आजची नॅशनल इंजिनिअरिंग इंडस्ट्रीज. १९५० मध्ये कारखान्यातून पहिली बेअरिंगे बाहेर पडली आणि ‘एनबीसी’ हे नाव गॅरेजागॅरेजांत पोचले. रेल्वेच्या डब्यांचे आस पेलणारी बेअरिंगेही पुढे तिथेच बनू लागली. आस झिजतो ही ज्या राजाची तक्रार, त्याच्याच शहरात आस न झिजू देण्याचा कारखाना उभा राहिला. २०१४ मध्ये शहराबाहेर महिंद्रा वर्ल्ड सिटीत जेसीबीचे कारखाने सुरू झाले. त्याच कंपनीच्या पुण्याजवळच्या तळेगावच्या कारखान्यात चेनवर चालणारी उत्खनन यंत्रे बनतात. त्यामुळे आज जयपूरच्या मातीत काम करणाऱ्या एखाद्या यंत्राचे जन्मगाव मावळात असणे अगदी शक्य आहे.

मातीचा उल्लेख सहज केलेला नाही. जयगड ज्या डोंगरावर आहे तो क्वार्टझाइटचा. अरवलीचा हा खडक झिजून जी रेती होते ती मुख्यतः गारेची, आणि गार पोलादालाही ओरखडते. त्यात शहराचा नाला. द्रव्यवती नदी नाहरगडच्या डोंगरात उगम पावते आणि शहरातून वाहत पुढे ढूंढ नदीला मिळते. अनेक वर्षे लोक तिला अमानीशाह नाला म्हणत. सुमारे ४७ किलोमीटरच्या या प्रवाहाच्या पुनरुज्जीवनाचे काम २०१६ पासून टाटा प्रोजेक्ट्सने केले. असल्या कामात रेती, चिखल, कचरा आणि पाणी यांचे मिश्रण चेनमध्ये जाते. यंत्राच्या तळाला याहून वाईट खाद्य नाही.

तळाची रचना समजून घेतली की त्याचे कारण कळते. चेन म्हणजे पोलादी कड्यांची माळ. प्रत्येक सांध्यात एक पिन, पिनभोवती बुश, आणि कड्यांवर बोल्टने बसवलेल्या पाट्या, म्हणजे शू. मागे स्प्रॉकेट असते. त्याचे दाते बुशला ढकलतात आणि चेन फिरते. पुढे आयडलर चेनला वळण देतो. खालचे रोलर यंत्राचे वजन चेनवर उतरवतात, वरचे रोलर परतीची चेन तोलून धरतात. आयडलरच्या मागे ग्रीसने भरलेला सिलिंडर असतो. ग्रीस भरले की चेन ताणते, सोडले की सैल होते. यंत्राच्या एकूण देखभालखर्चाचा निम्म्यापर्यंतचा वाटा या तळावर जाऊ शकतो. मालक मात्र इंजिनाचा आवाज ऐकतो, हायड्रॉलिकच्या नळ्या तपासतो, केबिनला पॉलिश करतो. जयगडावरच्या पर्यटकांसारखीच त्याचीही नजर वर असते.

ताण हा पहिला मुद्दा. चेन घट्ट असली की यंत्र चांगले चालते, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. घट्ट चेनमध्ये प्रत्येक वळणावर पिन आणि बुश जास्त जोराने घासतात, आयडलर आणि रोलरवर भार वाढतो, इंधनही जास्त जाते. द्रव्यवतीसारख्या चिखलात तर चेन आपोआप घट्ट होते, कारण स्प्रॉकेटच्या दात्यांत माती ठासून बसते आणि बुशला खाली बसू देत नाही. म्हणून जाणता ऑपरेटर बूमच्या जोराने यंत्राची एक बाजू उचलतो, चेन फिरवून माती झाडतो आणि मधला झोळ पट्टीने मोजतो. झोळ किती हवा ते यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते. चिखलात तो थोडा जास्तच ठेवतात. संध्याकाळी हेल्पर फावडे घेऊन तळाची माती काढतो. हे काम टाळले तर रात्रीत चिखल वाळून घट्ट होतो, आणि सकाळी न फिरणाऱ्या रोलरवरून चेन घसटत जाऊन त्याला एका बाजूने सपाट करते.

चालवण्याच्या सवयीही तितक्याच महत्त्वाच्या. उलटे चालवताना स्प्रॉकेटपासून आयडलरपर्यंतची वरची सगळी चेन भाराखाली येते, त्यामुळे सांधे जास्त झिजतात. एकाच बाजूला वळत राहिले तर एक चेन लवकर संपते. रुंद शू चिखलात उपयोगी, पण खडकावर त्यांची टोके वाकतात आणि पिनवर पीळ पडतो. अरवलीच्या पायथ्याशी खाणीत अरुंद शूच बरे. लांबचा पल्ला असेल तर यंत्र ट्रेलरवर चढवावे. चेनवर कित्येक किलोमीटर सलग चालवले की रोलर तापतात, आतले सील जातात आणि तेल गळते.

दर काही महिन्यांनी मेकॅनिक टेप घेऊन खाली बसतो. चेन ताणून धरायची, चार कड्यांचे अंतर मोजायचे, नव्या चेनच्या मापाशी ताडायचे. अंतर वाढलेले दिसले तर त्याचा अर्थ कड्या लांबल्या असा नसतो. पिन आणि बुश आतून झिजलेले असतात. बुशची बाहेरची बाजू कॅलिपरने मोजतात. स्प्रॉकेट नेहमी एकाच अंगाला घासत असल्यामुळे झीजही एकाच अंगाला होते, आणि दुसरे अंग जवळजवळ नवेच असते. या वेळी चेन उतरवून प्रेसवर न्यायची, पिन आणि बुश दाबून बाहेर काढायचे, १८० अंशांत फिरवायचे आणि पुन्हा बसवायचे. चेनला जवळजवळ तेवढेच आयुष्य परत मिळते. यंत्र दोन-तीन दिवस उभे राहते, म्हणून मालक कुरकुरतो, आणि बरेचदा ‘हे काम संपू दे, मग बघू’ म्हणतो. तोवर बुशला चीर जाते, स्प्रॉकेटचे दाते सुळ्यांसारखे टोकदार होतात आणि चेन दात्यांवरून उडी मारू लागते. मग फिरवण्यासारखे काही उरत नाही. चेन, स्प्रॉकेट आणि बहुधा रोलरही, सगळा संच नवा घ्यावा लागतो, आणि जुना संच भंगाराच्या भावाने जातो.